परवानगी एकाची, माहिती अनेकांची

गप्पा मारण्याचे, छायाचित्रे दाखवण्याचे किंवा धावण्याच्या शर्यती लावण्याचे एखादे नवे ॲप निघाले, की दोन-चार दिवसांत वर्गात त्याची चर्चा सुरू होते. कोणीतरी ते प्रथम मोबाइलमध्ये घेतो आणि मग "तूही घे ना" असा आग्रह सुरू होतो. ॲप उघडताच पडद्यावर एकामागून एक प्रश्न येतात. तुमच्या फोनबुकातील नावे पाहू का? तुम्ही कोठे आहात ते पाहू का? तुमची छायाचित्रे पाहू का? आत शिरण्याची घाई असल्यामुळे बहुतेक जण प्रश्न न वाचताच होकाराचे बटण दाबतात.

कोणी हटकले, तर उत्तर ठरलेले असते. "माहिती माझी आहे. ती द्यायची की नाही हे मी ठरवीन. शिवाय माझ्याजवळ लपवण्यासारखे आहे तरी काय?" वरवर पाहता हे म्हणणे बिनतोड वाटते. पण क्षणभर विचार करा. फोन तुमचा असेल, पण फोनबुकातील माहिती कोणाची? त्यात तीनशे नंबर असतील, तर त्यांतला तुमचा स्वतःचा फार तर एक. बाकीचे आत्याचे, वर्गशिक्षिकांचे, रिक्षावाल्या काकांचे, डॉक्टरांचे. तुम्ही बटण दाबता तेव्हा त्यांना कोणी विचारलेले नसते. परवानगी एकाची आणि माहिती अनेकांची, असा हा मामला आहे. याचा हिशेब आज आपण मांडून पाहू या.

जाळे कसे वाढते?

माणसांच्या ओळखीपाळखी कागदावर दाखवायच्या असतील, तर प्रत्येक माणसासाठी एक बिंदू काढावा आणि ज्यांची ओळख आहे त्यांचे बिंदू रेषेने जोडावेत. गणितज्ञ अशा आकृतीला जाळे म्हणतात. अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर याने कोनिग्सबर्ग शहरातील सात पुलांचे कोडे सोडवले, तेव्हापासून अशा जाळ्यांचा अभ्यास होत आला आहे. या अभ्यासात बिंदू केवढा किंवा रेषा किती लांब याला महत्त्व नाही. कोण कोणाला जोडलेला आहे, एवढेच पाहावयाचे असते. सामाजिक ॲप चालवणाऱ्या कंपनीलाही प्रथम हेच हवे असते. तिला मिळालेल्या प्रत्येक फोनबुकाबरोबर एक नवा बिंदू तर मिळतोच, शिवाय त्यातून निघणाऱ्या शेकडो रेषाही मिळतात.

याचा परिणाम किती मोठा असू शकतो, हे एका प्रसिद्ध प्रकरणावरून दिसते. केंब्रिज विद्यापीठातील संशोधक अलेक्झांडर कोगन यांनी २०१३ मध्ये 'धिस इज युवर डिजिटल लाइफ' नावाचे एक ॲप तयार केले. ते फेसबुकवर चालत असे आणि प्रश्नावली भरून घेऊन माणसाच्या स्वभावाविषयी काही सांगत असे. त्या काळी फेसबुकचे नियम सैल होते. ॲप घेणाऱ्याने परवानगी दिली, की त्याच्याबरोबर त्याच्या मित्रांचीही काही माहिती ॲपला मिळे. पुढे ही माहिती केंब्रिज अ‍ॅनालिटिका या राजकीय प्रचाराचे काम करणाऱ्या कंपनीच्या हाती गेली आणि मार्च २०१८ मध्ये प्रकरण उघडकीस आले.

फेसबुकने तेव्हा दिलेले आकडे असे होते. ॲप घेणारे लोक सुमारे २,७०,००० आणि ज्यांची माहिती गेली असण्याची शक्यता आहे असे लोक जास्तीत जास्त ८,७०,००,०००. आता भागाकार करा. उत्तर सुमारे ३२२ येते. म्हणजे बटण दाबणाऱ्या दर माणसामागे सरासरी ३२२ माणसांची माहिती गेली, आणि त्या ३२२ पैकी ३२१ जणांनी बटणाला हातही लावलेला नव्हता!

भारतापुरते आकडेही फेसबुकने जाहीर केले होते. भारतात हे ॲप केवळ ३३५ जणांनी घेतले होते आणि बाधित झालेल्यांची संख्या ५,६२,४५५ पर्यंत असू शकत होती. येथे मात्र भागाकार करताना सावध राहावे. तो केला तर दर माणसामागे जवळजवळ १,६७९ असे उत्तर येते, पण म्हणून त्या ३३५ जणांना प्रत्येकी हजार-दीड हजार मित्र होते असे समजणे चुकीचे ठरेल. ॲप घेणारे बहुसंख्य लोक परदेशात होते आणि भारतातल्या लोकांशी त्यांच्याही रेषा जोडलेल्या होत्या. नाशिकच्या मुलीची माहिती नागपूरच्या मित्रामुळे जाईल, तशीच ती न्यू जर्सीतल्या मामेभावामुळेही जाऊ शकते. या जाळ्याला देशाच्या सीमा नाहीत.

या प्रकरणी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जुलै २०१९ मध्ये फेसबुकला ५०० कोटी डॉलर दंड केला. मित्रांची माहिती मिळण्याची ती वाट फेसबुकने त्याआधीच बंद केली होती. पण फोनबुकाची वाट आजही उघडी आहे आणि तिची किल्ली आपल्याच बोटांत आहे.

वर्गात करून पाहा

हा प्रयोग चाळीस जणांच्या वर्गात करता येतो. साहित्य म्हणजे कागदाच्या चिठ्ठ्या आणि एक डबा. प्रत्येकाने चिठ्ठीवर वरच्या बाजूला आपला हजेरी क्रमांक लिहावा आणि खाली दुसरे कोणतेही पाच क्रमांक मनाला येतील तसे लिहावेत. हे पाच जण त्याच्या 'फोनबुकात' आहेत असे समजू. येथे खऱ्या मित्रांची नावे लिहू नयेत. कोणाचे नाव कोणत्याच चिठ्ठीवर आले नाही हे सर्वांसमोर फळ्यावर दिसले, तर प्रयोगातच कोणाचे तरी मन दुखावेल.

आता डब्यातून न पाहता आठ चिठ्ठ्या काढा. या आठ जणांनी ॲप घेतले. त्यांचे स्वतःचे क्रमांक आणि चिठ्ठीतील क्रमांक फळ्यावर लिहा. एकदा आलेला क्रमांक पुन्हा लिहू नका. फळ्यावर एकूण किती क्रमांक झाले?

प्रयोगापूर्वी उत्तराचा अंदाज गणिताने बांधता येतो. ॲप न घेतलेला कोणताही एक विद्यार्थी घ्या. एका चिठ्ठीवर उरलेल्या ३९ जणांपैकी पाच जण लिहिलेले आहेत. तेव्हा आपला विद्यार्थी त्या चिठ्ठीवर नसण्याची संभाव्यता ३४/३९ झाली. आठही चिठ्ठ्यांवर तो नसण्याची संभाव्यता म्हणजे ३४/३९ ही संख्या आठ वेळा मांडून केलेला गुणाकार. तो सुमारे ०.३३ येतो. ॲप न घेतलेले ३२ जण आहेत. त्यांपैकी जवळजवळ ११ जण सुटतील आणि २१ जण फळ्यावर येतील. ॲप घेतले आठांनी, पण कंपनीला कळले २९ जण.

आता प्रत्येक चिठ्ठीवर पाचऐवजी दहा क्रमांक लिहून प्रयोग पुन्हा करा. या वेळी २९/३९ या संख्येचा आठवा घात काढावा लागेल. तो सुमारे ०.०९ येतो. म्हणजे ३२ पैकी जेमतेम तिघे सुटतात. वर्गातल्या पाचांपैकी एकानेच ॲप घेतले, तरी नव्वद टक्क्यांहून अधिक वर्गाची नोंद झाली!

प्रत्यक्षात मैत्री अशी मनाला येईल तशी होत नाही. ती गटागटांनी असते आणि त्यामुळे वर्गातला खरा आकडा थोडा कमी येईल. पण खऱ्या फोनबुकात पाच किंवा दहा नव्हे, शेकडो नंबर असतात हेही विसरू नये.

सावली कशी तयार होते?

"नुसता नंबर कळून काय होते?" असा प्रश्न येथे कोणी विचारील. एका नंबराने फारसे काही होत नाही हे खरे. पण आपण फोनबुकात नंबराशेजारी काय काय लिहितो ते आठवा. समजा, स्नेहल नावाच्या मुलीने हे ॲप घेतलेले नाही. तिच्या एका मैत्रिणीने तिचा नंबर 'स्नेहल नववी ब' असा ठेवला आहे, दुसरीने 'स्नेहल कथक क्लास' असा आणि तिसऱ्याने 'पाटील काकांची स्नेहल, सातारा' असा. तिघांची फोनबुके एका ठिकाणी आली आणि नंबर जुळला, की स्नेहलचे आडनाव, गाव, इयत्ता आणि छंद कंपनीला आपोआप कळतात. भूमितीत एका वर्तुळाने बिंदूचे स्थान ठरत नाही, पण वेगवेगळ्या केंद्रांवरून काढलेली तीन वर्तुळे एका बिंदूत छेदली की ते निश्चित होते. तसाच हा प्रकार आहे. प्रत्येक मित्राने एकेक वर्तुळ काढून दिले आणि स्नेहल मध्यभागी सापडली.

ॲप न घेतलेल्या माणसाच्या अशा नोंदीला इंग्रजीत 'शॅडो प्रोफाइल' म्हणजे सावलीसारखी नोंद असे म्हणतात. माणूस समोर नाही, पण त्याची सावली पडलेली आहे. अशा प्रकारे माहिती एकत्र जुळवली जाते, हे जून २०१३ मध्ये सर्वांना कळले. फेसबुकच्या संगणकप्रणालीतील एका दोषामुळे सुमारे ६० लाख लोकांचे ईमेल पत्ते किंवा फोन नंबर इतरांना दिसू शकले होते. इतर लोकांनी आपापली फोनबुके चढवली होती आणि त्यांतील तपशील संबंधित माणसाच्या खात्याशी जोडून ठेवलेले होते. स्वतः न दिलेला नंबरही त्यामुळे खात्यावर जमा झालेला असू शकत होता.

याने काय बिघडते, याचे एक उदाहरण २०१६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाले. एका मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांच्या लक्षात आले, की फेसबुक त्यांना 'तुम्ही यांना ओळखत असाल' म्हणून त्यांचेच रुग्ण सुचवीत आहे. इतकेच नव्हे, तर एका रुग्णाला त्याच डॉक्टरांचे दुसरे रुग्ण सुचवले जात होते. डॉक्टरांनी कोणाचेही नाव कोणाला सांगितलेले नव्हते. पण डॉक्टरांचा नंबर प्रत्येक रुग्णाच्या फोनमध्ये असतोच. एकच नंबर ज्यांच्या ज्यांच्या फोनबुकात आहे त्यांची यादी काढणे संगणकाला क्षणाचे काम आहे. मनाचा आजार किंवा घरातील छळ यांतून वाट काढू पाहणाऱ्या माणसाला अशी यादी फार महागात पडू शकते. 'माझ्याजवळ लपवण्यासारखे काही नाही' असे म्हणणाऱ्याच्या फोनबुकातही असा एखादा माणूस असतो. तो कोण, हे फोनबुकाच्या मालकालाही बहुधा ठाऊक नसते.

'आम्ही नंबर साठवीत नाही'

काही कंपन्या सांगतात, "आम्ही नंबर जसाच्या तसा ठेवीत नाही. त्याचे हॅश करून ठेवतो." हॅश म्हणजे एक प्रकारचे गणिती फल. त्यात संख्या घातली की अक्षरे व अंक यांची एक लांबलचक, अर्थहीन दिसणारी ओळ बाहेर पडते. त्या ओळीवरून मूळ संख्या उलट काढण्याची कोणतीही सोपी रीत नाही. गव्हाचे पीठ होते, पण पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत, तसेच हे आहे.

मग नंबर सुरक्षित झाला म्हणावयाचे काय? पुन्हा गणित करू. भारतातला मोबाइल नंबर दहा आकडी असतो आणि पहिला आकडा ६, ७, ८ किंवा ९ असतो. उरलेल्या नऊ जागी प्रत्येकी दहा आकडे येऊ शकतात. म्हणून शक्य असलेले एकूण नंबर ४ × १००,००,००,००० म्हणजे ४०० कोटी. आकडा मोठा दिसतो. पण सेकंदाला एक कोटी हॅश काढू शकणारा संगणक घेतला, तर तो सगळ्या ४०० कोटी नंबरांचे हॅश ४०० सेकंदांत काढील. म्हणजे सात मिनिटेही लागणार नाहीत. आजच्या चांगल्या संगणकांचा वेग याहून पुष्कळच अधिक असतो. एकदा ही यादी तयार झाली, की साठवलेली ओळ तिच्यात शोधायची आणि शेजारचा नंबर वाचायचा. पीठ उलटे दळता येत नाही, पण जगातल्या सगळ्या गव्हांचे पीठ आधीच करून ठेवले असेल, तर तुलना करून गहू ओळखता येतो. म्हणून नुसत्या हॅशच्या आश्वासनावर विसंबून राहू नये.

ठिकाणाची परवानगी

फोनबुकाला लागू पडणारी गोष्ट ठिकाणालाही लागू पडते. धावण्याच्या व सायकल चालवण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपने नोव्हेंबर २०१७ मध्ये एक जागतिक नकाशा प्रसिद्ध केला. लोक जेथे जेथे धावले, तेथे तेथे उजळ रेषा उमटल्या होत्या. नकाशावर कोणाचेही नाव नव्हते. तरीही जानेवारी २०१८ मध्ये नेथन रूझर या ऑस्ट्रेलियातील विद्यार्थ्याने दाखवून दिले, की ओसाड प्रदेशात दिसणाऱ्या काही उजळ रेषा लष्करी तळांच्या आहेत. सैनिक व्यायामासाठी रोज त्याच वाटेने धावत होते. नोंद ठेवणारे सैनिक थोडे असतील, पण ठावठिकाणा उघड झाला तो तळावरच्या सर्वांचा. तुम्ही शाळेपासून घरापर्यंतच्या वाटेची रोज नोंद ठेवली, तर तुमच्याबरोबर चालणाऱ्या मैत्रिणीच्या येण्याजाण्याच्या वेळाही त्याच नोंदीत येतात.

मग करावे काय?

नवी ॲपे घेऊच नयेत, असे या लेखाचे म्हणणे नाही. नवी वस्तू हाताळून पाहण्याची जिज्ञासा विद्यार्थ्याला असलीच पाहिजे. प्रयोगशाळेत आपण अनोळखी द्रव एकदम तोंडाला लावीत नाही. येथेही तेवढीच सावधगिरी पुरे.

पहिली गोष्ट, फोनबुकाच्या प्रश्नाला सुरुवातीला नकार द्यावा. बहुतेक ॲपे त्यावाचून चालतात. ज्या दोन-चार मित्रांशी बोलावयाचे आहे, त्यांना त्यांच्या नावाने शोधावे. हा प्रश्न विचारला जातो, हेही सहजासहजी घडलेले नाही. पाथ नावाचे ॲप न विचारताच लोकांची सबंध फोनबुके आपल्या सर्व्हरकडे नेत होते, हे फेब्रुवारी २०१२ मध्ये एका प्रोग्रामरने शोधून काढले. कंपनीने माफी मागून ती माहिती पुसून टाकली. पुढे २०१३ मध्ये तिला ८ लाख डॉलरही भरावे लागले. त्या गदारोळानंतर आयफोनमध्ये फोनबुकासाठी स्वतंत्र परवानगी विचारण्याची सोय आली. लोकांनी आरडाओरडा करून मिळवलेला हा प्रश्न आहे. तो न वाचता पुढे जाऊ नये.

दुसरी गोष्ट, ठिकाण पाहण्याची परवानगी द्यावीच लागली, तर 'ॲप वापरताना फक्त' हा पर्याय निवडावा. तिसरी, मित्राचे छायाचित्र चढवण्यापूर्वी मित्राला विचारावे. चौथी, फोनबुकात नावापुढे आजार, पत्ता किंवा घरगुती तपशील लिहू नयेत. पाचवी, मोबाइलमधून ॲप काढून टाकल्याने सर्व्हरवरील माहिती जात नाही. पसंत न पडलेल्या ॲपमधील खाते आधी बंद करावे, चढवलेली नावे पुसण्याची सोय असल्यास ती वापरावी आणि मगच ॲप काढावे.

कायद्याचाही काही आधार आहे. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, अशी तरतूद त्यात आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. पण हा कायदा बंधन घालतो ते कंपन्यांवर. एखाद्याने स्वतःच्या घरगुती कामासाठी ठेवलेली माहिती, जसे की आपले फोनबुक, त्याच्या कक्षेबाहेर आहे. तिची राखण आपल्यालाच करावी लागते.

चिठ्ठ्यांचा प्रयोग पुन्हा एकदा आठवा. ज्याने स्वतः ॲप घेतले नाही, त्याला फळ्यावर येण्यापासून स्वतःला वाचवता आले नाही. ते त्याच्या हाती नव्हतेच. ते होते चिठ्ठी काढलेल्या आठ जणांच्या हाती. त्यांनी आपल्या चिठ्ठीचा खालचा भाग घडी घालून झाकला असता, तर फळ्यावर आठच क्रमांक आले असते. म्हणून पुढच्या वेळी पडद्यावर तो प्रश्न येईल, तेव्हा उत्तर तीनशे जणांच्या वतीने द्यावयाचे आहे, एवढे ध्यानात ठेवा.